गिळलेली तार

यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा पावसाळाभर दमट राहिलेल्या गोधड्यांना ऊन दाखवायचे म्हणून आईने मला मागीलदारी पाठवले. तिथे हापूसचे एक कलम आणि एक माड यांच्यामध्ये कपडे वाळत घालायची तार आहे. कपड्यांच्या भाराने ती मधोमध इतकी लोंबली होती की गोधडी टाकली असती तर तिचे टोक मातीला लागले असते. तार ताणून घ्यावी म्हणून पक्कड घेऊन मी आधी माडाकडे गेले. तिथला वेढा जसाच्या तसा होता. गंजून तांबडा झालेला, खोडाभोवती अंमळ सैल, बोटाने ढकलला तर करकरत फिरणारा. मग आंब्याकडे आले आणि वेढा शोधू लागले. वेढा नव्हता. माडाकडच्या अंगाला सालीच्या दोन जाड ओठांमधून तार तेवढी बाहेर येत होती. बाकी तिन्ही बाजूंना नुसती एक आडवी वळी होती, तान्ह्या बाळाच्या मनगटावर असते तशी. वळीच्या वरचे खोड फुगलेले होते आणि खालचे त्या मानाने बारीक. वरची साल हाताला ताणलेली, गुळगुळीत लागली. वळीच्या खाचेत बोट घालून आत कुठे लोखंड लागते का, हे मी बराच वेळ चाचपत राहिले. ते लागले नाही.

ती तार बाबांनी बांधली होती. तेव्हा कलमाचे खोड माझ्या पोटरीएवढे होते. तार थेट सालीवर येऊ नये म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली घातली होती आणि वेढ्यातून दोन बोटे सहज फिरतील इतकी जागा ठेवली होती. दरवर्षी पाऊस सरला की ते पक्कड घेऊन येत, पीळ उलगडत, तार थोडी सोडत आणि पुन्हा पीळ घालत. “झाड अंग धरतं,” एवढेच ते म्हणत. माडाकडच्या वेढ्याला त्यांनी कधी हात लावल्याचे मला आठवत नाही. बाबांना जाऊन बारा वर्षे झाली. सुरुवातीला आई फोनवर आठवण करी, “अगं, आलीस की तेवढी आंब्याची तार सैल कर.” मी हो म्हणत असे. मग घरी आल्यावर चार दिवस कसे सरत ते कळत नसे आणि तार तशीच राही. पुढे आईनेही म्हणायचे सोडले.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

गेली कित्येक वर्षे फळ्यावर मी खोडाचा आडवा छेद काढत आले आहे. बाहेर साल, तिच्या आत रसवाहिन्या, मग ऊतककर आणि त्याच्याही आत जलवाहिन्या, म्हणजेच लाकूड. पुस्तकात ऊतककर असले तरी वर्गात आम्ही सगळे कँबियमच म्हणतो. ते दाखवायला मी तांबडा खडू घेते, कारण इतर भागांना जागा लागते, कँबियमला एक रेघ पुरते. प्रत्यक्षातही ते रेघेएवढेच असते. विभागणाऱ्या पेशींचे मोजके थर आणि त्यांत मूलपेशींचा एकच पदर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. खोड केवढेही जाड असो, त्याचे सारे लाकूड या पदरातून आलेले असते. पावसाच्या तोंडावर बोरीला डोळा भरताना साल लाकडापासून अलगद सुटते आणि सालीच्या आतल्या अंगाला व उघड्या पडलेल्या लाकडाला एक गिळगिळीत ओल दिसते. ती ओल म्हणजे याच पदरातल्या कोवळ्या, पातळ भिंतींच्या, ऐन विभाजनात फाटलेल्या पेशी. त्यांतली एक पेशी दुभंगते, एक जागेवर राहते आणि दुसरी आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला सरकते. आत गेलेली लाकूड होते, बाहेर गेलेली रसवाहिन्यांच्या थरात जाते. आत जाणाऱ्या पेशी कितीतरी अधिक असतात. त्या लाकूड होऊन बसल्या की मागे हटत नाहीत, म्हणून कँबियमलाच बाहेर सरकावे लागते आणि वाढत्या घेराला पुरे पडण्यासाठी आडव्या दिशेनेही पेशी वाढवाव्या लागतात. उंची वाढते ती शेंड्याला. त्यामुळे बाबांनी बांधलेली तार आजही त्याच उंचीवर आहे. तांबडी रेघ मात्र दरवर्षी बाहेर येते, आणि तारेला सरकता येत नाही.

पेशीने कोणत्या बाजूला जायचे आणि काय व्हायचे, हे कसे ठरते? मुले हा प्रश्न विचारतात आणि पूर्वी मी “संप्रेरकांमुळे” एवढे सांगून पुढे जात असे. ते खोटे नव्हते. शेंड्याच्या कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन पेशीपेशींतून हातोहात खाली येते. पाइनच्या खोडाचे पातळ पापुद्रे काढून 1996 मध्ये ते मोजले गेले, तेव्हा त्याचे प्रमाण कँबियमपाशी सर्वांत जास्त आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेले आढळले. सायटोकायनिन नसेल तर कँबियम विभागायचेच थांबते. पानांकडून येणारे जिबरेलिन लाकडाची वाढ जोमाने करते. पण या तिघांनी पेशीला जोर मिळतो. आपण नेमके कुठे उभे आहोत, हे तिला आणखी कोणीतरी सांगावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2007 मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या लहानशा रोपातले एक जनुक शोधले. ते बिघडले की रोप मरत नाही, पेशीही तयार होतात, पण ओळ मोडते. जलवाहिन्यांच्या जागेत रसवाहिन्या शिरतात आणि आत-बाहेर असा भेदच उरत नाही. हे जनुक कँबियमच्या पेशींवर बसणारे एक ग्राही प्रथिन घडवते. त्याला येऊन भेटणारा निरोप त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये सापडला होता. अवघ्या बारा अमिनो आम्लांचा तो एक तुकडा आहे. तो रसवाहिन्यांच्या बाजूला तयार होतो, तिथून कँबियमपर्यंत येतो आणि ग्राहीला चिकटून दोन गोष्टी सांगतो: विभागत राहा, आणि इतक्यात लाकूड होऊ नकोस. निरोपाइतकीच तो कोणत्या बाजूने येतो ही गोष्टही महत्त्वाची असते. तोच तुकडा रोपात सर्वत्र तयार करवला, तर पेशी भरमसाठ वाढतात आणि वाढीची दिशा हरवते. रसवाहिन्यांतूनच वाढवला, तर अधिक पेशी होतात आणि ओळही टिकते. पुढे, 2015 मध्ये, पॉप्लरच्या झाडांत निरोप आणि ग्राही दोन्ही आपापल्या जागी वाढवून पाहिले गेले, आणि झाडांनी खरोखरच जास्त लाकूड धरले.

तो निरोप ज्या रोपाच्या पेशींमुळे सापडला, ते रोप आमच्या खळ्यात तुळशीमागे दर पावसाळ्यात आपोआप उगवते. झिनिया. आई तिची फुले देवाला वाहत नाही, पण उपटूही देत नाही. हिरो फुकुदा आणि अत्सुशी कोमामिने यांनी 1980 मध्ये झिनियाच्या पानातल्या पेशी सुट्या करून पोषक द्रवात तरंगत ठेवल्या आणि त्यात ऑक्झिन व सायटोकायनिन घातले. पानाच्या मऊ, हिरव्या, प्रकाशावर जगणाऱ्या या पेशींतल्या कितीतरी, तीन-चार दिवसांत, एकेकट्याच, एकदाही न विभागता जलवाहिनीची पेशी झाल्या. भिंतीवर कड्या उमटल्या, आतले सगळे संपून गेले. फुकुदांच्याच प्रयोगशाळेने पुढे 2006 मध्ये याच झिनियाच्या द्रवातून तो बारा कड्यांचा तुकडा वेगळा केला, कारण तो असला की पेशी लाकूड व्हायच्या थांबत. मला हा प्रयोग पहिल्यांदा वाचल्यापासून विसरता आलेला नाही. लाकूड होण्याची सगळी तयारी पानाच्या पेशीतही असते, ती फक्त झाकलेली असते. अरॅबिडोप्सिसमधले व्हीएनडी-7 नावाचे एक जनुक अवेळी जागे केले, तर पानाच्या त्वचेच्या पेशीसुद्धा जलवाहिनीसारख्या घडतात. हे जनुक इतर जनुकांना जागवते, ती आणखी पुढच्यांना, आणि या साखळीच्या टोकाला भिंत रचणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, आणि पेशीला संपवणारी विकरे अशी दोन्ही कामाला लागतात.

लाकडाची भिंत मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या कितीतरी आधी आजोबांच्या रंध्याखाली पाहिली होती. आमच्या माजघराचे दार फणसाचे आहे आणि ते त्यांनी अंगणात बसून स्वतः केले. ताज्या कापलेल्या फणसाचा तो हळदुवा पिवळा रंग, दमट गोडसर वास आणि रंध्यातून सुटणाऱ्या भेंडोळ्या मला अजून आठवतात. त्या मी गोळा करून कानात अडकवायची. “रेषा बघून रंधा मारायचा,” आजोबा सांगत, “उलटा मारलास तर लाकूड उपटून येतं.” त्यांची रेषा म्हणजे सेल्युलोजच्या धाग्यांची दिशा होती, हे मला फार पुढे कळले. पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी विकरांची जुडगी बसलेली असतात. प्रत्येक जुडगे साखरेच्या रेणूंना जोडून एकाच वेळी अनेक साखळ्या विणते, त्यांचा मिळून एक धागा होतो, आणि धागा बाहेर पडत असताना जुडगे स्वतः पुढे सरकत जाते. पटलाच्या आतल्या सूक्ष्मनलिका त्याला रूळ दाखवतात. लाकडाच्या तंतुपेशींत सर्वांत जाड थरातले धागे पेशीच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात, म्हणून ओंडका उभा चिरता येतो आणि आडवा तोडताना घाम निघतो. जाडजूड भिंतीच्या विणकामाला तीन प्रकारची सेल्युलोज-विकरे लागतात आणि त्यांतले एक बिघडले तरी काम बिनसते. टर्नर आणि ख्रिस सॉमरव्हिल यांनी 1997 मध्ये अशी बिघडलेली रोपे वेचली ती त्यांच्या जलवाहिन्या पाहून. त्या आतून पाणी ओढण्याच्या ताणाने चेपल्या होत्या, शहाळ्यातली कागदी नळी जोराने ओढली की चेपते तशा. नळी उघडी ठेवायलाच भिंत हवी. लाकडाचे पहिले काम पाणी वर नेण्याचे आहे; दार, ओटी, होडी ही आपण त्याला नंतर दिलेली कामे.

धाग्यांच्या मधल्या जागा लिग्निन या टणक द्रव्याने भरतात. त्याची सुरुवात फेनिलॲलनिन या एका अमिनो आम्लापासून होते, एकामागून एक विकरे त्याला घडवत नेतात आणि शेवटी तीन प्रकारची लहान अल्कोहोले भिंतीत येऊन पोचतात. तिथे लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे त्यांच्यातला हायड्रोजन काढून घेतात, आणि अस्वस्थ झालेले ते रेणू जो शेजारी मिळेल त्याला जखडतात. सेल्युलोज शिस्तीत विणले जाते. लिग्निनला असा साचा नसतो. तरीही त्याच्यामुळेच भिंत पाणी अडवू लागते आणि दाब सोसू लागते. देवदाराच्या लाकडात या तिघांपैकी जवळपास एकाच अल्कोहोलाचे राज्य असते, आंबा-सागासारख्यांत दोघांचे. या कामाच्या शेवटाशी जलवाहिनीची पेशी आपली रिक्तिका, म्हणजे आतली रसाची पिशवी, फोडते, तिच्यातली विकरे बाहेर सांडतात आणि केंद्रकासकट सगळे विरघळून जाते. मागे पोकळ नळी राहते. भिंतीत लिग्निन भरण्याचे काम त्यानंतरही चालूच असते, आणि ते सामान शेजारच्या जिवंत पेशी पुरवतात. हा भाग शिकवताना माझा आवाज दर वर्षी थोडा बदलतो, हे मला जाणवते. जी पेशी आता नाही, तिचे राहिलेले काम शेजारी पुरे करतात.

मी मात्र बाबांचे एक काम पुरे केले नाही.

माडाकडच्या वेढ्याला त्यांनी हात का लावला नाही, हे मी त्या सकाळी माडाला टेकून उभी असताना पहिल्यांदा नीट ध्यानात घेतले. माडाला कँबियम नसते. त्याच्या वाहिन्यांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामधून जाणारी तांबडी रेघ तिथे काढताच येत नाही. माडाची जाडी वर झावळ्यांच्या बुडाशी आधीच ठरते आणि मग तेवढ्याच जाडीचे खोड चढत जाते. चढायला म्हणून खोडाला खाचा घेतलेल्या माडांवर त्या खाचा पाडेल्याच्या नातवालाही पाय ठेवायला मिळतात, कारण त्या भरून काढणारे तिथे कोणी नसते. असे असूनही बुंध्याचे लाकूड शेंड्यापेक्षा घट्ट असते. जुन्या पेशी जिवंत राहून वर्षानुवर्षे आपल्याच भिंतींना आतून पुटे चढवत राहतात. माड आतल्या आत जुना होतो. बाबा सातवीपर्यंत शिकलेले होते आणि एकदल-द्विदल हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. पण कोणती तार सोडायची आणि कोणती नाही, हे त्यांच्या पक्कडीला माहीत होते. मला ते शब्द येत होते. या दोन प्रकारच्या माहितीत नेमके काय अंतर आहे, ते मला अजून सांगता येत नाही.

बांधणे आणि वेळेवर सोडणे हे तर त्या कलमाच्या जन्मातच होते. ते कोय-कलम होते. रुजलेल्या कोयीचे कोवळे, अजून तांबूस असलेले रोप वरून छाटायचे, त्याला उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवायचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचे. बाबा ओठ मिटून, श्वास रोखून बांधत. दोन्हींची साल किमान एका बाजूने तरी एका रेषेत यायला हवी, असे ते सांगत. सालीखालचा कँबियम कँबियमला भिडायला हवा, असा त्याचा अर्थ. जखमेच्या दोन्ही काठांवर मऊ पेशींचा थर धरतो, वरून येणारे ऑक्झिन सांध्यापाशी अडून साचते आणि त्याच्याच वाटेवर नव्या वाहिन्या उमटतात. अरॅबिडोप्सिसच्या कलमांत हे बारकाईने पाहिले गेले आहे. तिथे आधी रसवाहिन्या जुळतात, मग काही दिवसांनी जलवाहिन्या. कलम जगले की पट्टी कापायची. ती विसरली तर सांध्याशीच गळा आवळतो आणि पुढे वाऱ्याच्या एका झोताने कलम तिथे मोडते. बाबांनी ती पट्टी वेळेवर कापली होती. म्हणून तर तार बांधण्याइतके खोड झाले.

तारेच्या जागी काय घडले असेल, ते आता मला फळ्यावर काढता येईल. खोड वेढ्यापर्यंत भरले, ट्यूबची पट्टी चेपली, मग साल चेपली आणि तिच्या आतल्या रसवाहिन्याही. पानांनी केलेली साखर मुळांकडे उतरते ती याच वाटेने, आणि खाली येणाऱ्या ऑक्झिनची वाटही तिथेच अरुंद झाली. दोन्ही तारेच्या वर तुंबले. तिथल्या कँबियमला खायला आणि हुकमाला काही कमी पडले नाही, ते विभागत राहिले आणि खोड फुगले. खालच्या कँबियमला दोन्ही कमी मिळाले आणि मुळांना उपास पडला. त्या वर्षांत मोहोर कमी आल्याचे आई फोनवर बोलली होती. मी ते हवेवर ढकलले होते. मग वरची फुगलेली कड तारेवरून ओघळू लागली आणि खालची हळूहळू तिला सामोरी आली. सालीला साल टेकली, दाबाने फाटली आणि कुठेतरी, कधीतरी, एका बाजूच्या कँबियमला दुसऱ्या बाजूचे कँबियम भेटले. तिथून पुढचे लाकूड पुन्हा अखंड आहे. तार आता लाकडाच्या आत, झाडाने टाकलेल्या एका जुन्या वर्षाभोवती वेढा घालून बसली आहे. झाडाने तिच्या बाहेरून नवा रस्ता केला.

हे कळल्यावर बरे वाटायला हवे होते. थोडे वाटलेही. पण त्या वळीवर हात ठेवला की मला त्या मधल्या वर्षांचीच आठवण होत राहिली, ज्यांत दोन्ही कडा अजून भेटल्या नव्हत्या आणि मी दर सुट्टीत याच तारेवर ओले टॉवेल टाकत होते.

आई काठी टेकत मागीलदारी आली. “ओढून काढू नकोस गं,” ती म्हणाली, “आता ती त्याचीच झाली.” मीही तेच ठरवले होते. रुतलेली तार उपसायची म्हणजे नुकतीच जुळलेली साल पुन्हा फाडायची, आणि आतला वेढा तरीही निघाला नसता. बाहेर आलेली तार मी पक्कडीने सालीलगत तोडली. तोडलेले टोक किंचित चमकले आणि दोन ओठांमध्ये ठिपक्याएवढे राहिले. मग माडाकडे जाऊन तिथला पीळ उलगडला. तो तीन वेढ्यांत सुटला आणि तार सळसळत माझ्या पायाशी पडली. आईने ती उचलली, गंज पदराला लागू न देता हातात धरली. वेढ्याच्या जागी तिचे गोल वळण तसेच राहिले होते, बाबांनी पहिल्या दिवशी घातले तेवढेच. “ही पडवीत खुंटीला लावते,” ती म्हणाली. गोधड्या आम्ही गडग्यावर पसरल्या.